शिवहारअप्पांचं पहिलं पान

फॅक्स पाठवायच्या आधी शिवहारअप्पा टोपी घालत. एरवी दिवसभर ती त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला लटकलेली असे, कारण सेलूच्या उन्हात, तेही आमच्या ऑफिसच्या पत्र्याखाली, डोक्यावर काही ठेवणं म्हणजे डोकं शिजत घालणं. पण फॅक्स करायचा म्हटलं की अप्पा उठत, हात धुऊन येत, कपाळावरचं भस्म घामाने फिसकटलं नाही ना ते कपाटाच्या आरशात बघत, टोपी घालत आणि मगच मशीनसमोर उभे राहत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे बघितलं आणि हसू दाबत विचारलं, "अप्पा, टोपी कशाला? तिकडच्यांना दिसते का?" अप्पा शांतपणे म्हणाले, "दिसत न्हाई म्हनून काय झालं? आपन त्येंच्या टेबलावर जायलोत ना? मानसाच्या दारात बोडक्यानं कसं जावं?" मी गुपचूप माझ्या कंप्युटरकडे वळले.

आमचं जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. गाठी जायच्या दक्षिणेतल्या सूतगिरण्यांना, आणि भाव, होकार, नकार, रुसवे-फुगवे हे सगळं जायचं फॅक्सने. ही गोष्ट अठरा-वीस वर्षांपूर्वीची. अप्पा तिथे हेडक्लार्क होते आणि त्यांची त्या खुर्चीत तीस वर्षं झाली होती. मी पेडगावहून पॅसेंजरने येणारी, बावीस वर्षांची, कंप्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली आणि त्यामुळे जगातलं सगळं समजून चुकलेली. अख्ख्या ऑफिसात बाई म्हणून मी एकटी. मला हाक काय मारावी हा पहिले आठ दिवस अप्पांपुढे मोठाच प्रश्न होता. 'मॅडम' त्यांच्या तोंडात बसेना आणि नुसतं नाव घेणं त्यांना बरं वाटेना, म्हणून माझ्याशी बोलायचं असलं की ते आधी खोकत. नवव्या दिवशी त्यांनी "माय, जरा हिकडं ये" म्हटलं आणि तो प्रश्न कायमचा मिटला. मागच्या वर्षी अप्पा गेले, तोपर्यंत मी त्यांची मायच होते.

फॅक्स करताना मूळ पत्राच्या वर एक पान लावायची पद्धत असते. कुणाकडून, कुणाला, किती पानं, विषय काय, एवढंच त्यावर असतं. बहुतेक ऑफिसांत हे पान लावलं तर लावलं, नाहीतर नाही. अप्पांच्या लेखी मात्र त्या पानाशिवाय फॅक्स पाठवणं म्हणजे हाक न मारता परक्याच्या स्वयंपाकघरात शिरणं. "पैलं पान म्हंजी कागदाची टोपी," ते सांगत. "दारात उभं ऱ्हायाचं, आपलं नाव सांगायचं, किती जन आलोत ते सांगायचं, मग आत जायचं. दस्तूर हाय." किती जण म्हणजे किती पानं, आणि ती मोजताना हे पहिलं पानसुद्धा धरायचं, यावर त्यांचा मोठा कटाक्ष. अप्पा पानं तीनदा मोजत. एकूण दोनच असली तरी तीनदा.

पानाच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक चौकट वाढवली होती. तिचं नाव 'विशेष'. "धंद्याचं दुसऱ्या पानावर बोलावं. पैल्या पानावर मानसाची खबर घ्यावं," असा त्यामागचा विचार. गिरण्या दक्षिणेतल्या म्हणून ही खबर इंग्रजीत असे, आणि ते इंग्रजी अप्पांचं घरचं होतं. 'सेलू व्हेरी हॉट. पिकल वर्क इन हाउस. ऑल वेल.' हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा टेबलाखाली काहीतरी पडल्याचं निमित्त करून खाली वाकून हसले होते. कोइमतूरच्या एका गिरणीतले मुरुगेसन नावाचे कारकून मात्र त्याला नेमाने उत्तर देत. त्यांच्याही पानाच्या तळाशी एक ओळ येई, 'हियर रेन. डॉटर पास्ड.' ह्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं आणि फोनवर बोलावं तर भाषा जुळत नव्हती. पण मुरुगेसनच्या मुलीला गणितात किती मार्क पडले ते आमच्या वॉचमनलाही ठाऊक होतं.

शेठजी, म्हणजे आमचे मालक, एकदा वैतागून म्हणाले, "अप्पा, लोणच्याचा आणि रुईचा काय संबंध?"

"संबंध न्हाई शेठ," अप्पा म्हणाले. "म्हनून तर पैल्या पानावर लिवलं."

पूर्वी हे पान अप्पा पट्टीने आखत आणि त्याच्या झेरॉक्स काढून ठेवत. गठ्ठा संपला की उरलेल्या शेवटच्या पानाचीच झेरॉक्स काढत, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. असं करता करता 'प्रति'च्या शेजारी एक काळा ठिपका उगवला आणि दर पिढीला वाढत गेला. मी आले तेव्हा तो चांगला बाजरीएवढा झाला होता. एका गिरणीने तर फोन करून विचारलं की हा तुमचा नवा मार्का का? त्या दिवशी अप्पा शंभर पानं पुढ्यात घेऊन एकेक ठिपका व्हाइटनरने पुसत बसले. मला राहवेना. मी म्हटलं, "अप्पा, मी हे पान कंप्युटरवर करून देते. एकदा करायचं आणि कायम वापरायचं." त्यांनी व्हाइटनरचं बूच लावलं आणि खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून ठेवली.

ते पान करायला दोन दिवस लागले. माझ्या हिशेबाने ते अर्ध्या तासाचं काम होतं. जिनिंगचं नाव वर, खाली तक्ता, तळाशी विशेष. पण अप्पांना एकेक रेघ पसंत पडायला हवी होती. "ही रेघ जाड झाली माय. येवढी जाड रेघ भांडनाची वाटती." रेघ बारीक केली. "आता त्येंची चौकट आपल्या चौकटीपक्षा मोठी कर. पावना मोठा असतो." ती मोठी केली. विशेषची चौकट दोन बोटं उंच हवी म्हणून त्यांनी स्क्रीनवर दोन बोटं टेकवून मला माप दिलं, मी बरोब्बर तेवढी केली आणि छापून बघितलं तर ती एका बोटाचीच निघाली, कारण स्क्रीनवर पान मोठं करून ठेवलेलं होतं. अप्पांना वाटलं, मशीनने चौकट खाल्ली. पान मोठं दिसतं म्हणून मोठं नसतं हे त्यांना पटवण्यात दुसरा दिवस गेला. शेवटी त्यांनी छापलेलं पान हातात धरलं, खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "निर्मळ झालं." अप्पांकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

खरी गंमत पुढेच होती. मी शिकवल्याप्रमाणे अप्पा एका बोटाने पान उघडत, त्यात नावं भरत, छापत आणि शेवटी इमानेइतबारे सेव्ह करत. म्हणजे कोऱ्या पानावरच सेव्ह करत. दुसऱ्या दिवशी उघडलं की आदल्या दिवसाची नावं त्यात बसलेली असत. नावं ते बदलत, पण तळाची चौकट बदलायचं राही. अशात एका व्यापाऱ्याचे वडील वारले. अप्पांनी मनापासून लिहिलं, 'युवर फादर सॅड न्यूज. वुई ऑल सॅड.' आणि सेव्ह केलं. मग त्याच दुपारपर्यंत ती सॅड न्यूज आणखी तीन ठिकाणी जाऊन पोचली.

इंदूरहून फोन आला. पलीकडचे गृहस्थ चिडलेले होते. "आपने ये क्या लिखा है? मेरे पिताजी मेरे सामने बैठे हैं, चाय पी रहे हैं." ऑफिसात सगळे माना खाली घालून बसले. अप्पांनी फोन कानाशी नीट धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "लय अच्छी बात है. उनको हमारा शरणार्थ बोलो." शरणार्थ म्हणजे अप्पांचा नमस्कार. मग ते वडीलच फोनवर आले आणि दोघं पाच मिनिटं गुडघेदुखीवर बोलले. पुढे ती पार्टी आमची कायमची झाली.

पण अप्पांच्या मनाला ते लागलं होतं. जिवंत माणसाला आपण मेल्याचं कळवलं म्हणून त्यांनी सोमवार नसताना उपास धरला. मी त्यांना पुन्हा समजवायला बसले, की नमुना वेगळा आणि प्रत वेगळी, नमुना एका जागी कोरा ठेवायचा, दर वेळी त्यातून नवं पान काढायचं आणि ते नव्या नावाने ठेवायचं. अप्पा ऐकत राहिले, मग मध्येच उठून बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. पाच मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांच्या हातात गाठींवर मार्का मारायचा पत्रा होता, अक्षरं कोरलेला, काळ्या रंगाने माखलेला. तो त्यांनी माझ्या टेबलावर, माझ्या स्वच्छ कागदांवर ठेवला. "असं म्हन की मग," ते म्हणाले. "पत्रा तोच ऱ्हातो, गाठ रोज नवी. रंग गाठीवर बसतो. मी येडा पत्र्यावरच नंबर लिवायलोय." मी पुढे कित्येकांना कंप्युटर शिकवला, पण टेम्प्लेटचा अर्थ याहून सोपा करून मला कधी सांगता आला नाही.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात टेम्प्लेटला पत्रा म्हणू लागले, आणि अप्पांना पत्र्यांचा नादच लागला. गिरण्यांचा एक पत्रा, दलालांचा दुसरा, सरकारी ऑफिसचा तिसरा. सरकारी पत्र्यात विशेषची चौकट नव्हती, कारण "तिथं कुनी मानसाची खबर वाचत न्हाई." एक पत्रा रुसलेल्या पार्टीसाठी होता, त्यात अक्षर थोडं मोठं आणि समास रुंद. "रुसलेल्या मानसाला मोकळी जागा लागती." दुखवट्याचा पत्रा मात्र त्यांनी अगदी निराळ्या फोल्डरात ठेवायला लावला, बाकीच्या पत्र्यांना त्याचा स्पर्श नको म्हणून. त्या फोल्डरला त्यांनी नाव दिलं 'सुतक'. ते उघडून बंद केल्यावर अप्पा हात धुऊन येत.

हे सगळं इतकं छान चाललं होतं की मला माझ्या हुशारीचा मोह आवरला नाही. अप्पा कधीमधी तारीख बदलायला विसरत. म्हणून मी सगळ्या पत्र्यांत तारखेच्या जागी अशी सोय केली की पान उघडलं की आजची तारीख आपोआप यावी. अप्पांनी दोन दिवस मुद्दाम सकाळी सकाळी पत्रा उघडून बघितला, आणि तारीख बरोबर बदललेली बघून तिसऱ्या दिवशी शेठजींना बोलावून दाखवलं. मी आणखी फुगले. गेलेल्या प्रत्येक तारेची, आणि पुढे प्रत्येक फॅक्सची, नोंद ते एका जाड वहीत करत असत, तीही मी बंद करायला लावली. "अप्पा, सगळं कंप्युटरमध्ये राहतं की. दोनदा कशाला लिहायचं?" तीस वर्षांची सवय त्यांनी माझ्या शब्दावर सोडली. वहीच्या शेवटच्या पानाला त्यांनी हळदकुंकू लावलं आणि ती कपाटात ठेवून दिली.

मग ती होळीनंतरची सकाळ आली. संक्रांतीच्या आधी कोइमतूरच्या त्याच गिरणीशी, म्हणजे मुरुगेसनच्या गिरणीशी, आमचा मोठा सौदा ठरला होता. अट अशी होती की आमचा पक्का होकार शनिवार संध्याकाळपर्यंत पोचायला हवा, आणि माल होळीनंतर उचलायचा. अप्पांनी होकार शनिवारी दुपारीच पाठवला होता. मध्यंतरी रुईचा भाव उतरला, आणि आता गिरणीचा दलाल शेठजींच्या समोर बसून सांगत होता की होकार सोमवारी पोचला, म्हणून सौदाच झाला नाही. त्याच्याकडे आमच्या पत्राची झेरॉक्स होती. तिच्यावर गिरणीचा आवक शिक्का सोमवारचा होता, आणि फॅक्समशीन पानाच्या माथ्यावर जी तारीख-वेळ छापतं ती ओळ झेरॉक्समध्ये कापली गेली होती.

शेठजींनी अप्पांना बोलावलं. अप्पा म्हणाले, "शनिवारीच गेलाय शेठ. माय, ती फाइल काढ." मी ऐटीत फाइल उघडली, छापली आणि आत नेऊन दिली. दलालाने पान बघितलं आणि हसला. "अप्पा, हे तर आज लिहिलंय. तारीख आजची आहे."

मी पान हातात घेऊन तारीख पुन्हा वाचली. पान उघडलं की आजची तारीख. मी कोऱ्या पानाचा विचार केला होता, भरून ठेवलेल्या पानाचा केलाच नव्हता. तेही उघडलं की स्वतःची तारीख विसरून आजचं होत होतं. ते पान कधी तयार झालं हे कंप्युटरच्या पोटात आणखी एका जागी लिहिलेलं असतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हा माझा कोर्स सहाच महिन्यांचा होता.

शेठजी वाईट माणूस नव्हते. ते ओरडले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, वय झालं की विसरायला होतं. पण मला सांगायचं होतं. असा कागद आज करून आणायचा नव्हता." मी तिथेच उभी होते. तोंड उघडायला हवं होतं आणि ते उघडेना. नोकरी नवी होती, घरात पहिलाच पगार माझा होता, आणि दलालासमोर माझी अक्कल निघणार होती. अप्पा एवढंच म्हणाले, "मी शनिवारी पाठवलाय," आणि बाहेर आले.

बाहेर येऊन त्यांनी फॅक्स गेल्याच्या पावत्या काढल्या. मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत चिठ्ठ्या धूळ लागू नये म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीतल्या खिळ्याला अडकवल्या होत्या. उन्हाने आणि प्लास्टिकने त्यांच्यावरची अक्षरं पार उडाली होती. अप्पा एकेक चिठ्ठी उजेडात धरून बघत होते, आणि प्रत्येक चिठ्ठी पांढरी होती. तीस वर्षांत त्या माणसाच्या शब्दाला कुणी पुरावा मागितला नव्हता. आता मागितला, तर द्यायला काही नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

जेवणाच्या सुट्टीत माझा डबा तसाच राहिला. डबे उरकल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती तारीख मी बसवली, वही मी बंद करायला लावली, आणि मघाशी आत मी कळून गप्प बसले. अप्पांनी चिठ्ठ्यांची पिशवी परत खिळ्याला अडकवली. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी समद्याच पानावर आज आजचीच तारीख हाय?" मी हो म्हटलं. "बगू." आम्ही एकेक फाइल उघडत गेलो. अख्ख्या हंगामाचे सौदे, सगळे आजचे. मग त्यांनी सुतकाचं फोल्डर उघडायला लावलं. तिथेही तेच. अप्पा खुदकन हसले. "समदे आजच वारले म्हना की. लय वाईट दिस हाय." मला रडता रडता हसू आलं, आणि मग नुसतंच रडू आलं.

"शेठला सांगू नकोस," ते म्हणाले. "तुजी नौकरी नवी हाय. माजं वय झालंच हाय, शेठच म्हनले." हे ते इतक्या सहज म्हणाले की मला तिथे उभं राहवेना. मी सरळ केबिनमध्ये गेले आणि दलाल बसलेला असतानाच शेठजींना सांगितलं की चूक माझी आहे, ही तारीख रोज बदलते, अप्पांचा यात काही दोष नाही. दलाल म्हणाला, "मुलगी गुणाची आहे. म्हाताऱ्याला सांभाळून घेते." शेठजींनी चष्मा काढून पुसला. "कंप्युटरची चूक म्हणायला सगळ्यांनाच सोपं असतं," ते म्हणाले. "पुरावा आहे का?" पुरावा नव्हता. मी परत आले. अप्पांनी सगळं दारातून ऐकलं होतं.

मी म्हटलं, "अप्पा, मुरुगेसनना विचारू. त्यांच्याकडे असेल." अप्पांनी मान हलवली. "त्यो त्या गिरनीचं मीठ खायलाय. त्येला आपल्या बाजूनं बोल म्हनायचं म्हंजी त्येच्या घरात भांडन लावायचं." तासभर ते विचार करत बसले. मग उठले, हात धुतले, टोपी घातली, आणि कंप्युटरला हात न लावता पट्टीने रेघा आखून एक पान केलं. पानं एकूण एक, या पानासह. विशेषच्या चौकटीत लिहिलं, 'सॅटरडे सौदा डेट लॉस्ट हियर. इफ यू हॅव, सेंड. इफ डिफिकल्ट, डोन्ट सेंड. ऑल वेल.' ऑल वेल लिहिताना त्यांचा हात जरा थांबला होता, ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी दलाल पुन्हा येऊन बसला, सौदा मोडल्याच्या कागदावर सही घ्यायला. साडेअकराच्या सुमारास मशीन कण्हायला लागलं. दोन पानं आली. पहिलं मुरुगेसनचं, त्यावर तळाशी, 'आय कीप ऑल युवर फर्स्ट पेज. मॅनेजर सॉ. मॅनेजर सेज यू राइट. डोन्ट वरी.' दुसरं पान संक्रांतीच्या आधीचं आमचंच पहिलं पान. कामाचं पत्र गिरणीच्या फाइलीत गेलं होतं आणि सोमवारी त्यावर शिक्का पडला होता. वरचं पान कुणालाच नको होतं, म्हणून ते मुरुगेसनने, अप्पांच्या बाकीच्या सगळ्या पहिल्या पानांसारखं, आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. त्याच्या माथ्यावर मशीनने छापलेली ओळ शाबूत होती, शनिवार, दुपारचे साडेबारा. पानं दोन, या पानासह. म्हणजे होकाराचं पत्रही त्याच वेळी पोचलं होतं.

शेठजींनी ते पान दलालासमोर मोठ्याने वाचलं आणि वाचण्याच्या भरात विशेषची चौकटही वाचून गेले. 'येस्टरडे हुरडा टू मच. टुडे स्टमक व्हेरी टाइट. बट सौदा पक्का.' दलालालाही हसू आवरलं नाही. त्याने आपला कागद घडी करून बॅगेत ठेवला आणि गाड्या कधी लावू ते विचारलं.

तो गेल्यावर शेठजी केबिनमधून बाहेर आले, अप्पांच्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "अप्पा, माझा तुमच्यावर विश्वास होताच."

अप्पा उभे राहिले, कारण शेठजी उभे होते. पण आवाज त्यांनी खाली केला नाही. "शेठ, इस्वास कागद यायच्या आदी सांगायचा असतो. कागद आल्यावर कुनीबी सांगतंय." मग "खरं आहे," एवढं म्हणून शेठजी आत गेले. त्यांनी ते मनात धरलं नाही. अप्पा पुढची चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्याच खुर्चीत होते, पण त्या दिवसानंतर मी शेठजींना त्यांच्याकडे कशाचा पुरावा मागताना पाहिलं नाही.

मी माझ्या जागेवर बसून पत्र्यांतली ती तारीख काढून टाकत होते. अप्पा खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता माझी पाळी. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "शेठ कागद बगून बोलले. तू कागद यायच्या आदी बोललीस. नौकरी नवी, दलाल समोर बसलेला, तरी बोललीस. त्येच्यात लय फरक हाय, माय." मग ते उठून गाठी बांधायच्या प्रेसकडे वजन बघायला गेले.

आज मी एका मोठ्या ऑफिसात आहे. भिंतीवर फ्रेमा आहेत, प्रमाणपत्रं आहेत, सह्या आहेत, शिक्के आहेत. पण माझ्याबद्दल कुणी म्हटलेलं सगळ्यात मोलाचं जे आहे, ते कुठल्याच कागदावर नाही.